तीन बटणांचा सिद्धराम

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. निम्मे मांडवात घडतात, उरलेले डीव्हीडी पार्टीच्या घरी पोचल्यावर! सिझन संपला की आम्ही सोलापूरची शूटिंगवाली मंडळी सलीमभाईच्या दुकानासमोर चहाला जमतो आणि तेच किस्से नव्यानं सांगतो. आता डीव्हीडी कुणी मागत नाही, सगळं मोबाईलवर आलं. पण चहा अजून डीव्हीडीच्या किश्श्यांवरच संपतो. त्यातल्या बहुतेक किश्श्यांत शेवटी सिद्धराम जिंकतो. तो माझा दोस्त आहे, माणूस चांगला आहे, आणि मी त्याच्यावर जळतो. उगाच लपवायचं कशाला?

*

सुरुवात खरेदीपासून झाली. मी आणि सिद्धराम एकाच दिवशी कॉम्प्युटरवाल्याकडं गेलो. डीव्हीडी तयार करायची दोन सॉफ्टवेअर त्यानं दाखवली. एक नवशिक्यांसाठी. व्हिडिओ टाका, टेम्प्लेट निवडा, राइट करा. तीन बटणं, खेळ खलास! दुसरं मोठ्या लोकांचं. मेनू, चॅप्टर, बटणाच्या आत बटण. स्क्रीन उघडली की विमान चालवायला बसल्यासारखं वाटायचं.

"तुम्हाला बिगिनर पाहिजे की..."

"प्रोफेशनल!" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो.

सिद्धरामनं एवढंच विचारलं, "ह्यातलं कुठलं घेतलं की संध्याकाळी टायमात घरी जाता येतंय?"

मी खो खो हसलो. तो मात्र खरंच उत्तराची वाट बघत उभा होता.

त्याच वर्षी माझं लग्न झालं. नवरदेवाला कॅमेरा धरता येत नाही, म्हणून शूटिंग सिद्धरामनं केलं. ते मी त्याच्याकडून कॉपी करून घेतलं आणि बायकोला, जयश्रीला, सांगून टाकलं, "आपली डीव्हीडी मी करणार. अख्ख्या सोलापुरात कुणाची झाली नसेल अशी!" सिद्धरामला एकदा दाखवून द्यायचंच होतं.

*

माझ्या सॉफ्टवेअरवरची पहिली मोठी ऑर्डर नातेपुत्याची. मेनूत सहा फोटो टाकले. ज्या फोटोवर बटण दाबाल तो कार्यक्रम सुरू. डीव्हीडी दिली आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्या मुलाच्या मामांचा फोन.

"ओ शूटिंगवाले, पयल्या पानावर आमचा फोटू कुटं हाय?"

"मामा, ते माणसांचे फोटो नाहीत. हळद, अक्षता, जेवण, असे कार्यक्रमांचे आहेत."

"जेवणावर तुमी पोरीच्या काकाला बशिवलंय. आन आमी काय पत्रावळ्या उचलाया आलतो व्हय?"

मामांना बसवलं. मग मुलीकडचे रुसले, त्यांचे फोटो जास्त आणि आमचे कमी का? त्यांची आत्या घातली. मग यांची मावशी. असं करत करत दोन्हीकडची भावकी मेनूत मावली, पण नवरा-नवरीला जागाच उरली नाही! त्याबद्दल मात्र कुणाचाही फोन आला नाही.

सिद्धरामला सांगितलं तर म्हणतो, "माझ्यात फोटोच न्हाईत की बे. रुसणार कशावर?"

*

दुसरा किस्सा केम गावचा. तिथल्या एका लग्नाच्या मेनूमागं मी हलतं चित्र टाकलं होतं. सनई वाजते, नवरी वळते, हसते, पुन्हा वळते, पुन्हा हसते. तेवढ्या एका वळण्यावर मी जीव ओतला होता. पुढं दुसऱ्या ऑर्डरसाठी केमला गेलो तेव्हा कौतुक ऐकायला मुद्दाम त्या घरी डोकावलो.

"आजी, डीव्हीडी कशी वाटली?"

"लई झ्याक बाबा! समदी आळी येऊन बघून गेली. पर नवरी नुसती वळती न् हासती, वळती न् हासती. लगीन कवा लागायचं?"

रिमोट बंद पडलेला. बटण कुणी दाबलंच नव्हतं! शेजारच्या घरात सिद्धरामची डीव्हीडी होती. ती आत सरकवली की आपोआप लग्न लागायचं.

घरी येऊन मी हे जयश्रीला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. "त्या आजींना निदान वळणारी नवरी तरी दिसली," म्हणाली. "आपलं कुठवर आलंय?"

"मेनू झालाय," मी म्हणालो. "म्हणजे होत आलाय."

*

एकदा सिद्धरामची डीव्हीडी मी गुपचूप मिळवली. चुका काढायला, दुसरं काय! एका टॉवेल कारखानदाराच्या घरचं, मे महिन्यातलं लग्न. मांडवात माणसं घामानं निथळताहेत, आणि वरून बर्फ पडतोय! त्याच्या सॉफ्टवेअरमधलं तयार टेम्प्लेट ते. मला इतका आनंद झाला की मी तडक पूर्व भागात त्या शेठकडं गेलो.

"शेठ, सोलापुरात, मे महिन्यात, बर्फ?"

"अरे, बघून गार वाटतंय की!" शेठ म्हणाले. "धाकट्याचं लग्न आहे, तू टाकशील काय असला?"

माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार बर्फ नव्हता. बर्फ तयार करायची सगळी सोय मात्र होती. आठवडाभर बसून मी एकेक कण घडवला, वारा लावला, उजेड लावला. आमचं लग्न तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं. शेठना बोलावून दाखवलं. ते स्क्रीनला नाक लावून बघू लागले.

"एमय्या विजय," त्यांनी तेलुगूत हाक मारली, "हे कापसाचं तूस तर आमच्या लूमवर रोज उडतंय. मास्क लावून बघायचं काय?"

धाकट्याची ऑर्डर सिद्धरामला गेली. त्या रस्त्यानं जायचं मी बरेच दिवस टाळलं.

*

सलीमभाई कोऱ्या डीव्हीडी विकायचा. सिद्धराम खोकी उचलून न्यायचा, मी खिशात मावतील एवढ्या. एकदा भर चहात मी माझ्या सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनबद्दल सांगत होतो. सलीमभाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"विजूभाई, तुमारा सॉफ्टवेअर एक नंबर है," तो म्हणाला. "खाली उसमें से डीवीडी बाहर निकलती नै!"

सगळे हसले. सिद्धराम सगळ्यात कमी हसला, आणि तेच मला जास्त झोंबलं. वर चहाचे पैसेही त्यानंच दिले!

*

आमच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं तेव्हाची गोष्ट. मेव्हण्याच्या मुलाच्या बारशाला अक्कलकोटजवळ सासुरवाडीला गेलो होतो. जेवणं झाली, पानं झाली, आणि सासऱ्यांनी टीव्ही लावला.

"बसा जावई, लग्न बघू."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? तुमचंच की!"

सिद्धरामनं लग्नानंतर लगेच, मला न सांगता, एक डीव्हीडी त्यांना करून दिली होती. कापाकापीच्या भानगडीत तो पडतच नाही. सगळं जसंच्या तसं. पडद्यावर मी, मुंडावळ्या बाजूला सारून कॅमेऱ्याकडं बघत ओरडत होतो, "सिद्ध्या, लाईट डावीकडून घे!" अक्षता पडताहेत आणि मी ओरडतोय, "वाइड मार, वाइड!" घरातली पोरं टीव्हीच्या आधीच ओरडत होती, "वाइड मार, वाइड!"

"नोड्री, नोड्री," सासूबाईंनी कन्नडमध्ये सगळ्यांना बघायला सांगितलं. "आता बॅटरी बदल म्हणतील."

आणि पडद्यावरचा मी तेच म्हणालो!

माझी डीव्हीडी अजून कॉम्प्युटरच्या बाहेर आली नव्हती, आणि सिद्धरामची इथं पोरांना तोंडपाठ! आतून नुसती आग आग झाली.

"तू पाहिलीयस ही?" मी जयश्रीला विचारलं.

"माहेरी आले की बघते."

"मग मला कशाला विचारायचीस, कुठवर आलंय म्हणून?"

वडिलांच्या हातातला रिमोट घेऊन तिनं लग्न भराभर पुढं पळवलं. हळद गेली, अक्षता गेल्या, मी ओरडत ओरडत गेलो. मग एका जागी तिनं थांबवलं.

मंगळसूत्राची कडी लागत नव्हती. मी वाकून तिच्याकडं बघत हसत होतो आणि ती माझ्याकडं बघत होती. सगळा फोकस मांडवातल्या मागच्या पडद्यावर, आमचे दोघांचे चेहरे पार धुरकट. माझ्या प्रोजेक्टमधून हा तुकडा मी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता.

"अगं, हा शॉट आउट ऑफ फोकस आहे!" मी म्हणालो. "सिद्धरामला साधा फोकस..."

"गप बसा हो," टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली. "मी एवढंच बघते. बाकीचं पळवते."