जपून ठेवलेला शिक्का

डोंबिवलीच्या एका शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांना ते आलं की नाही, देव जाणे. निवृत्तीनंतर ते इंग्रजी घरात गंजत पडलं होतं. त्यामुळे ठाण्यात परदेशी पाहुण्यांसाठी दुभाषी हवी आहे असा निरोप आला, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी लग्न केलं नाही, आणि माझ्या घरात माझाच शब्द चालतो, हे मी आयुष्यभर जरा जास्तच ऐटीत सांगत आले आहे.

दूरच्या एका थंड देशातल्या काही नगरपालिका आणि आपल्याकडची एक संस्था मिळून इथल्या नगरसेविकांना प्रशिक्षण देणार होत्या. ठाणे, दिवा, कल्याण या बाजूच्या महिला राखीव जागांवर निवडून आलेल्या बायका. शिकवायला आलेल्या पाहुण्या मॅडम त्यांच्या गावात बरीच वर्षं महापौर होत्या, साध्या आणि समोरच्याचं मन लावून ऐकणाऱ्या. आयोजकांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की वातावरण जरा पॉझिटिव्ह ठेवा, पुढच्या वर्षीचा कार्यक्रम यावरच ठरणार आहे. मीही मान डोलावली होती.

पहिल्याच दिवशी पाहुण्यांनी एक सोपा सराव दिला. समजा, प्रभागातला कुणी रहिवासी दाखला मागायला आलाय. तुमच्या लेटरहेडवर तो लिहा, सही करा, शिक्का मारा. लेटरहेड सगळ्यांनी आणली होती. सह्याही झाल्या. शिक्क्याची वेळ आली आणि एकेक ताई उठून बाहेर जाऊ लागली. पॅसेजमध्ये नवरेमंडळी चहा पीत उभी होती. नवरा खिशातून शिक्का काढून द्यायचा, ताई आत येऊन तो कागदावर मारायची आणि परत नेऊन द्यायची. शिक्का स्वतःच्या पर्समध्ये असलेली एकच बाई होती, आणि ती विधवा होती. मला हसू आलं. वाईट होतं ते हसू, पण आलं.

दिव्याची नगरसेविका तेवढी जागची हलली नाही. वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी. मला अहो-जाहो करू नका बाई, असं तिनं सकाळीच सांगून टाकलं होतं. पाहुण्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि शिक्का कुठे आहे असं त्यांनी विचारलं. मी ते मराठीत सांगितलं. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, उजवा हात टेबलाखालून वर काढला आणि अगदी हळू म्हणाली, "त्यांच्याकडे आहे. मागच्या वेळेला मी मागितलेला, तर हे बोट मोडलं त्यांनी. मॅडमना सांगा."

तिची करंगळी मधल्या पेरापाशी वाकडीच राहिली होती.

नेमका तेव्हाच तिचा नवरा दारात आला. सगळा प्रभाग त्याला भाऊ म्हणतो. त्यानं हसून पाहुण्यांना नमस्कार केला आणि तिथेच उभा राहिला. माझ्या मागे आयोजक उभे होते. पाहुण्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी इंग्रजीत म्हणाले की शिक्का हिचे यजमान हिच्यासाठी जपून ठेवतात.

पाहुण्यांचा चेहरा खुलला. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं, तिचा तोच हात दोन्ही हातांत घेतला आणि हलकेच दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पुढच्या टेबलाकडे वळले.

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली. आपल्या घरातलं परक्यांपुढे कशाला काढायचं? शिवाय पाहुण्या आठवड्यानं विमानात बसतील, हिला मात्र भाऊबरोबर दिव्याला जायचं आहे. यातलं दुसरं कारण खरंही असेल, पण ते मला नंतर सुचलं.

त्यानंतर तिचे अधूनमधून फोन यायचे. मॅडमचं काही उत्तर आलं का, एवढंच विचारायची. त्यांना आता सगळं माहीत आहे, त्या वरच्या कुणाशी तरी बोलतील, असं तिनं धरून ठेवलं होतं. मोठ्या कामांना वेळ लागतो, असं मी सांगायची. एकदा नाही, चार वेळा सांगितलं.

मग प्रशिक्षणाचा अहवाल छापून आला आणि तिनं मला दिव्याला बोलावलं. भाऊचं ऑफिस एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आहे. बाहेर पाण्याच्या टँकरसाठी अर्ज घेऊन बायका उभ्या होत्या, आणि दाराशी टेबल टाकून भाऊ त्यांच्या अर्जांवर शिक्के मारत होता. आतल्या खोलीत, देवाच्या फोटोशेजारी, अहवालातलं एक पान फ्रेम करून लावलेलं होतं. त्यावर तिचा फोटो आणि फोटोखाली इंग्रजीत एक ओळ. ह्यांनी हौसेनं लावलंय, ती म्हणाली. मग दार लोटून तिनं विचारलं, की यात बोटाचं कुठे लिहिलंय ते दाखवा.

मी ती ओळ वाचली आणि मराठीत सांगितली: माझे यजमान माझा शिक्का माझ्यासाठी जपून ठेवतात. मॅडमची यात काही चूक नाही, मी त्यांना असंच सांगितलं होतं, हेही सांगितलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

 मग तिनं विचारलं की मॅडमनी हात धरला होता तो कशाला. कौतुकानं, मी म्हणाले. बाहेर शिक्के मारल्याचा आवाज येत होता.

"मी घाबरते ते ठीक आहे," ती म्हणाली. "मला त्यांच्याच घरात राहायचंय. पण तुम्ही कोणाला घाबरलात, बाई? तुम्हाला तर नवरा पण नाही."

हे ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.