बाचा गुडघा

हे आजवर कुणाला कळलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे—जड मनाची मला सवय आहे. आलापल्लीत माझ्या नावाची कमान उभी राहतेय, आणि उद्घाटनाला मी माझ्या बाबद्दल चार शब्द बोलावेत असा गावाचा आग्रह आहे. बरं. ऐका मग.

आधी एक सांगून टाकतो. छातीवरचं पदक खरं आहे. बर्फातल्या त्या चौकीवर गोळ्या चालत होत्या, माझे जवान उघड्यावर पडले होते, आणि त्यांना ओढून आणायला मीच गेलो. त्यात रतीभर खोट नाही. पदक परत मागायला कुणी आलाच तर दारातूनच हाकलीन त्याला. तिथं मी भ्यालो नाही. भ्यालो तो घरात.

माझा बा आलापल्लीच्या लाकूड डेपोत हमाल. सागाचे लठ्ठे खांद्यावर घेऊन ट्रकात चढवायचा. खांद्यावर लिंबाएवढी गाठ आली होती. लहानपणी मी तिथं बसलो की ती टोचायची. त्या खांद्याच्या जोरावर मी शिकलो. आणि लष्कराच्या अकादमीत गेल्या गेल्या कुणी तरी सहज विचारलं, वडील काय करतात, तर मी काय म्हणालो? वनखात्यात अधिकारी आहेत. का म्हणालो? कुणी हिणवलं होतं का? नाही. शेजारच्या खाटेवरच्या पोराचा बाप टेम्पो चालवायचा. त्यानं ते बेधडक सांगितलं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे सबबसुद्धा नाही माझ्याकडे. शोधून पाहिली आहे.

मग ते खोटं सांभाळणं आलं. पलटणीत साहेब विचारायचे, वडिलांची बदली कुठं झाली, वाघ दिसतो का—आणि मी आपला सांगून राह्यलो. अगदी सराईतपणे.

पदक जाहीर झालं. दिल्लीला घरच्या दोघांना नेता येणार होतं. बानं अहेरीच्या बाजारातून कापड आणलं आणि बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला. जन्मातला पहिला कोट! आणि माझ्या डोळ्यांपुढं काय—माझे साहेब त्याच्याशी हात मिळवतायत, आणि बा आमच्या बोलीत मले-तुले करत त्यांना डेपोतल्या गोष्टी सांगतोय. मी फोन केला. म्हटलं, बंदोबस्त कडक आहे, फक्त बायकोलाच परवानगी आहे. तो "बरं" म्हणाला. बायकोला सांगितलं, बाला गर्दी सोसत नाही, तोच नको म्हणाला.

त्यानं सोहळा शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिला. काय दिसलं असेल त्याला? धोतरातले म्हातारे बाप, लुगड्यातल्या आया, सगळे दिल्लीच्या त्या सभागृहात बसलेले. बा अंगठाछाप होता, आंधळा नव्हता.

पण थांबा—लपवून ठेवलं ते एवढंच नाही.

सुट्टीवर आलो. बासोबत अहेरीच्या आठवडी बाजारात गेलो. मोहफुलांच्या टोपलीमागून एका ओळखीच्या म्हाताऱ्यानं हटकलं, "पोराले मेडल भेटलं, तुमी काऊन नाई गेले जी दिल्लीले?" बा हसला. खाली वाकून गुडघा चोळला.

"मले तं बलावलं होतं जी. माह्या गुडघ्यानंच घात केला."

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. म्हाताऱ्यानं पाहिलं. आणि मी—मी मान हलवली. म्हणालो, "हो, लय दुखते त्याचा गुडघा."

त्या दिवसापासून बा लंगडायला लागला. घरात नाही. घरात ताठ चालायचा, विहिरीवरून भरलेले हंडे आणायचा. उंबऱ्याबाहेर पडला की डावा पाय ओढायचा. पोराचं खोटं कुणी पकडू नये म्हणून! वर्षानुवर्षं. डेपोत त्याला हलकं काम दिलं, लोक कीव करायला लागले त्याची. मी सुट्टीवर यायचो, बघायचो, परत जायचो. एकदा तरी म्हणालो असतो, बा, पुरे कर—तर? नाही म्हणालो. उलट त्याला एक काठी आणून दिली. हो, मीच. चांगली सागाची, मूठ कोरलेली. त्यानं ती हातात घेतली, जमिनीवर टेकवून पाहिली आणि त्या संध्याकाळपासून वापरायला लागला.

आमच्यात माणसाला पुरतात, आणि त्याच्या वापरातल्या वस्तू सोबत देतात. बा गेला तेव्हा लोकांनी त्याच्याजवळ काठी ठेवली. म्हाताऱ्याचा फार आधार होता तिचा, असं कुणी तरी म्हणालं. तो कोट पेटीतच राहिला. वापरलेला नव्हताच, द्यायचा कसा? मी तिथंच उभा होतो. मुठीत माती घेतली, टाकली, बोललो काही नाही.

आता बोलतो. कमान ठेवायची तर ठेवा, पाडायची तर पाडा, मला फरक पडत नाही. रडायला मी येणार नाही, आणि बानं मला माफ केलं असेल वगैरे कुणी मला ऐकवू नका. मी कमानीखाली उभा राहून एवढंच सांगणार आहे, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, मले-तुलेमध्येच—माह्या बाचा गुडघा मरेपर्यंत धड होता.