कार्डासाठी स्थळ

आमच्या साडूंनी चौकशीवाचून विकत घेतलेली एकही वस्तू वाशिम जिल्हा पालथा घातला तरी सापडायची नाही. किन्हीराजाला त्यांचं घर. बाजारात टरबूज घेताना शेत कोणाचं, पाणी विहिरीचं की बोअरचं, हे ते विचारतात. एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला म्हणतात, "झोप झाली ना भाऊ?" एकदा एक ड्रायव्हर खरं बोलून गेला, तर त्याला खाली उतरवून, तोंड धुवायला लावून, चहा पाजून मगच साडूंनी गाडी हलू दिली. मीही त्याच गाडीत होतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होतो. त्याची आता लाज वाटते.

कारण ही सवय जन्मजात नाही. मुलगी सासरहून कायमची परत आली, तेव्हापासूनची आहे. पोर कितीतरी महिने कोणाशी बोलतच नव्हती. मग कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागली, आणि एक दिवस तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. साडू जेवत होते. घास हातात धरून ऐकत राहिले. म्हणून तिने विटेएवढं, भारीतलं ग्राफिक्स कार्ड मागवलं तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. पण त्याला वीज पुरवणारा जुना पॉवर सप्लाय कमी ताकदीचा आहे, तो झेपला नाही तर गेम मध्येच बंद पडेल, कार्डही जाईल, असं ती म्हणाली आणि साडू जेवता जेवता उठले.

"साडेआठशे वॅटचा पुरते, बाबा. मी ऑनलाइन मागवते."

"न पायता? नाई. पाच जन जाऊ."

मुलीसाठी स्थळ पाहायला जावं तसे, पोरीला घरीच ठेवून, आम्ही पाच पुरुषमाणसं जीपमधून कारंज्याला निघालो. कार्ड टॉवेलात गुंडाळून साडूंच्या मांडीवर. मी गेलो तो, खोटं कशाला बोलू, वाटेतल्या भज्यांसाठी. दुकानात शेठजींनी चहा मागवला आणि खोकं समोर ठेवलं. साडूंनी ते हातावर तोललं.

"याच्या घरी खानारे किती?"

प्रोसेसर, पंखे, दिवे अशी सगळी मंडळी शेठजींनी सांगितली.

"आन् आमचीनं एकदम जास्त मांगतलं तं?"

"गेम रंगात आला का कार्ड घडीभर लय ओढते, काका. पन हा देते. कुरकुर नाई करत."

"हे तुमी सांगून राह्यले. वापरनाऱ्यायचे नंबर द्या."

लगेच फोन लागला, स्पीकरवर. "उन्हाळ्यात कसा वागला? लाइन गेली-आली तं आवाज चढवते काय? डोकं तं गरम नाई?" पलीकडचा गोंधळून म्हणाला, "कोनाबद्दल इचारून राह्यले तुमी?" आम्ही चौघं हसून लोळायच्या बेतात. शेठजीही हसत म्हणाले, "काका, खोक्यावर सारं लिवलं हाय. पावर सप्लाय हाय हा, जावई नाई!"

साडूंनी फोन खाली ठेवला.

"जावयाच्या बायोडाट्यावर बी सारं लिवलं होतं, शेठ. तवा एक फोन नाई केला मी."

शेठजींनी आपला मोबाइल उघडून आणखी गिऱ्हाइकांचे नंबर काढले. म्हणाले, "निवांत इचारा, काका. दुकान उघडंच हाय."

शेवटी हजार वॅटचा पसंत पडला. संध्याकाळी पोरीने तो बसवला, खेळ सुरू झाला, आणि साडू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवून बाजूला बसले.

"गरम नाई होत, बाबा."

"आज नाई. उद्या झाला तं? वापस आनता येते, मी इचारून आलो. सहन करत बसाचं नाई. सांगशीन ना मले?"

तिने खेळ थांबवला, कानावरचा हेडफोन काढला.

"पयल्याच दिवशी सांगीन, बाबा."

साडूंनी मान हलवली. हात मात्र त्यांनी बराच वेळ तिथेच राहू दिला.