परक्या हातातला श्वास

त्या दिवशी मी सप्तशृंगी आईशी मनातल्या मनात भांडत होते. रोज दिवा लावते, दरवर्षी गडावर जाते, त्याचं हेच का फळ, असं तिला विचारत होते. आमच्या ह्यांना पहाटे अंथरुणातच मण्यार चावली. नांदगावच्या दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध लगेच मिळालं, तरी अंग लुळं पडत गेलं आणि श्वास मंदावला. तिथे व्हेंटिलेटर होता, पण झाकून ठेवलेला. तो चालवणारं माणूस नव्हतं. म्हणून नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. इथे चालवणारी माणसं होती, तर एकही व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. हसावं की रडावं तेच कळेना.

डॉक्टरांनी घशात नळी घातली, तिला रबरी फुगा जोडला. मशिन मोकळं होईपर्यंत तो नातेवाइकांनी हाताने दाबत राहायचा. भरलेल्या वॉर्डात सिस्टर एकटी. तिने दाखवलं, आपला श्वास चालतो तसा दाबा, घाई करू नका. पण माझाच श्वास थाऱ्यावर कुठे होता? दीर गंगापूर रोडच्या खासगी हॉस्पिटलांत व्हेंटिलेटर शोधत फिरत होते. मी थांबले की हे गेले, एवढंच माझ्या डोक्यात. मनगटं भरून आली, बोटं वळेनात.

शेजारच्या खाटेवर मालेगावच्या एका मुस्लिम बाईंची सासू होती. त्या बाईंनी मदतीला म्हणून फुगा मागितला, मी मान हलवून नको म्हटलं. नवऱ्याचा श्वास परक्या हातात कसा द्यायचा? शेवटी मात्र मनात म्हणाले, आई, आता माझ्याच्याने होत नाही, तूच बघ. तेवढ्यात बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"लाओ ताई, द्या मला. माझ्या अब्बांचा फुगा मीच दाबायची. तुम्ही लय घाईने दाबताय."

मी फुगा सोडला. बाई अल्लाचं नाव घेत सावकाश दाबू लागल्या. मी भिंतीला टेकले आणि चक्क झोपले. जाग आली तेव्हा एक पेशंट सुधारून मशिन मोकळं झालं होतं आणि ते ह्यांना लावलेलं होतं. बाई सासूला पेज भरवत होत्या. मी आभार मानायला गेले, तर आधी तुम्ही काहीतरी खा, म्हणाल्या.

पुढे नळी निघाली, हे बोलू लागले. पापणीसुद्धा हलत नव्हती, पण सगळं कळत होतं, असं म्हणाले.

"आधी श्वास फार घाईने यायचा. मी घाबरलो होतो. मग एकदम निवांत यायला लागला. वाटलं, तू सावरलीस. आता मी जगतो."

मी कुठे सावरले होते? मी तर झोपले होते. फुगा त्या बाईंच्या हातात होता, असं त्यांना सांगितलं आणि आम्ही दोघंही रडलो.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. दिवा लावताना आता आधी त्या बाईंसाठी मागते, मग आपलं मागणं सांगते आणि पुढचं आईवर सोडून उठते. इतकी वर्षं मी भक्ती म्हणून जे घट्ट धरून बसायचे, त्यात भीतीच जास्त होती. आईने त्या दिवशी त्या बाईंच्या हाताने ते माझ्या हातातून काढून घेतलं, म्हणून माझं माणूस जगलं.