नंबर नऊशे शहाऐंशी

हजेरीपुस्तकात त्यांचं एक चांगलंसं नाव होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर यायची नाही. सगळं इस्पितळ त्यांना रांगोबा म्हणायचं. तळघरातल्या नोंदणीच्या खोलीत आमची टेबलं शेजारी शेजारी. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन हवं असलेल्यांची यादी ते सांभाळायचे, आणि यादीत जो सर्वांत पुढे असेल त्याला फोन करून बोलावणं हे माझं काम. चौदा वर्षं आम्ही असे बसलो. त्यातली निम्मी तरी मी त्यांची चेष्टा करण्यात घालवली असतील.

चेष्टा करण्यासारखा माणूसच होता. पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. चहाच्या टपरीवर पुढे कुणी नसलं तरी हे दोन पावलं मागे थांबणार, न जाणो कुणी आधी आलेलं असेल तर. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा सांगत होत्या, "लग्नात फोटो काढताना यांनी सगळ्यांना वयाप्रमाणे उभं केलं. मी नवरी असून तिसऱ्या ओळीत!" आम्ही हसून हसून बेजार. रांगोबा मात्र गंभीरपणे म्हणाले, "पुढे दोन आज्या होत्या तुझ्या."

तीन वर्षांपूर्वी वही जाऊन संगणक आला, तेव्हा यादीचा फॉर्म त्यांनी स्वतः बनवला आणि नंबर पुन्हा एकपासून सुरू केले. पडद्यावर एका वेळी एकच माणूस दिसायचा: नाव, वय, फोन, आणि कोपऱ्यात नोंदणीचा नंबर. रोज सकाळी ते 'चढता क्रम' हे बटण दाबायचे, की सर्वांत लहान नंबरवाला पडद्यावर हजर. मी फोन करायची. त्याच्या पानावर तारीख भरली की तो यादीतून जायचा आणि मागचा पुढे यायचा. आठवड्याला सहा ऑपरेशनं, सहा फोन. दोनेक वर्षांपूर्वी बाहेरच्या नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं चुकून दोघांना एकच नंबर दिला होता, चारशे बारा. भांडण नको म्हणून रांगोबांनी दुसऱ्याला '४१२अ' केलं. पण नंबराच्या चौकटीत अक्षर बसेना, म्हणून त्यांनी ती चौकट आकड्यांची बदलून अक्षरांची केली. काम भागलं. पुढे सगळं सुरळीत चाललं, आणि ती गोष्ट ते स्वतःही विसरले.

मग वहिनींनाच धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, अडीच-तीन महिन्यांच्या आत. यादी ज्यांच्या हातात, ते रांगोबा बाहेरच्या खिडकीशी सव्वा तास रांगेत उभे राहिले आणि नंबर घेऊन आले: नऊशे शहाऐंशी. पुढे बेचाळीस माणसं. "बरोबर सात आठवडे," ते म्हणाले. "आठव्या आठवड्यातल्या सोमवारी हिचा पहिला फोन."

"अहो, पण मध्येच एकदा बघत जा की कुठवर आलंय," मी म्हटलं.

"नाही. ज्याच्या हातात यादी, त्यानं आपल्या माणसाचं पान उघडायचं नाही. तुम्हीही उघडायचं नाही, बाई. शब्द द्या."

मी दिला. तो शब्द मोडायची अक्कल मला का झाली नाही, हे मी आजही स्वतःला विचारते.

सातव्या आठवड्याच्या शनिवारी बाहेरगावच्या तपासणी शिबिरातून एकदम दोनशे नावं आली. तोवरचा शेवटचा नंबर नऊशे नव्व्याण्णव होता. एक हजारपासून पुढची सगळी नावं रांगोबांनी स्वतः, एकही चूक न करता, त्याच दिवशी भरली. सोमवारी त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर वहिनी नव्हत्या, कुणी शिक्षक होते. रांगोबांचा चेहरा जरा उतरला. "तातडीची चिठ्ठी असेल," ते म्हणाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कधीकधी माणसं मध्ये यायचीच, त्यामुळे मलाही ते पटलं.

मी फोन केला, तर शिक्षक म्हणाले, "इतक्या लवकर? माझं नाव तर आत्ता घातलंय."

"नशीबवान आहात," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझ्या डोक्यावर तेव्हाच कुणी दगड घालायला हवा होता. त्या आठवड्यात सहा नशीबवान, पुढच्यात आणखी सहा, सगळे शिबिरातले; डॉक्टरांनीच त्यांना तातडीचं ठरवलं असणार, असं आम्ही धरून चाललो.

दहाव्या आठवड्यात वहिनी तपासणीला आल्या होत्या, त्या खाली आमच्याकडे आल्या. वीस पायऱ्या उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. बाकावर बसून श्वास जरा जागेवर आल्यावर मला म्हणाल्या, "तू तरी बघ ना गं, माझं नाव कुठं अडकलंय."

मी रांगोबांकडे पाहिलं.

"हात लावायचा नाही, बाई," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून हळू आवाजात, "आज ना उद्या येईल तुझा नंबर. कुणाला मागं सारून तुला पुढे आणली, तर त्याच्या बायकोला मी काय सांगू?"

"आणि माझ्या नवऱ्याला कोण काय सांगणार आहे?" वहिनी म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण रांगोबांनी खाली मान घातली.  मी दिलेला शब्द पाळला.

त्याच आठवड्यात एका सकाळी, केस विंचरता विंचरता, वहिनी खुर्चीत बसल्या आणि गेल्या. रांगोबा दुसऱ्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधत होते.

नवव्या दिवशी ते कामावर आले. डोळे कोरडे, शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. म्हणाले, "पहिल्यांदा तिची नोंद बंद करतो. गेलेलं माणूस यादीत ठेवणं बरं नाही." आणि त्यांनी ते पान पहिल्यांदा उघडलं.

खाली लिहिलेलं होतं: एकशे नव्वदपैकी एकशे सत्त्याहत्तरावी नोंद.  मग त्यांनी एक पान मागे जायचं बटण दाबलं. नऊशे शहाऐंशीच्या आधी अकराशे नव्व्याण्णव होता.

"बाई," ते म्हणाले, "इकडे या."

त्यांनी मला समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं, सावकाश. यंत्राच्या लेखी तो आकडा नव्हताच, अक्षरं होती. अक्षरं लावताना यंत्र पहिलं अक्षर बघतं, शब्दकोशात बघतात तसं. एकनं सुरू होणारं सगळं आधी, नऊनं सुरू होणारं शेवटी. सगळे नंबर तीन आकडी होते तोवर काही बिघडलं नाही. हजार आला, आणि हजारानंतरचे सगळे नऊशेवाल्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. "ती सोमवारी पहिलीच होती," ते म्हणाले. "मी शनिवारी दोनशे माणसं तिच्या पुढे घातली. माझ्या हातानं."

 फोन तर मीच केले होते, चोवीस फोन. 

त्यांनी चौकट पुन्हा आकड्यांची केली. 'चढता क्रम' दाबलं. पडद्यावर वहिनी आल्या. एकशे नव्वदपैकी पहिली नोंद. नाव, वय बावन्न, घरचा फोन. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात रिसीव्हरकडे गेला. मी तो कसाबसा आवरला.

रांगोबांनी काहीच केलं नाही. हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. तिच्या पानावर तारीख पडल्याशिवाय मागचा पुढे येणार नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? "थोडा वेळ राहू दे तिला," ते म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या की. मला तर वाटत होतं, दिवसभर राहू द्या.

दहा एक मिनिटांनी त्यांनी घसा साफ केला. "हिच्यासारखेच अडकलेले मागे तेरा जण आहेत," म्हणाले, आणि त्यांनी तिच्या पानावर ती गेली त्या दिवसाची तारीख घातली.

नऊशे सत्त्याऐंशी नंबरची बाई पडद्यावर आली. मी फोन लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला. उद्या यायचंय, मी म्हटलं. मग तो घाईघाईनं आभार मानायला लागला, माझे, डॉक्टरांचे, सगळ्या इस्पितळाचे. रांगोबांनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला.

"आभार मानू नका," ते म्हणाले. "तुमचा नंबर महिन्यापूर्वीच यायला हवा होता. चूक माझी आहे. उद्या सकाळी आठला घेऊन या त्यांना." मग त्यांनी विचारलं, "तब्येत कशी आहे त्यांची?"

पलीकडून तो माणूस काहीतरी बोलला. रांगोबांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"धाप लागते म्हणाला. झोप नाही. पण आहे," ते म्हणाले. "आहे, बाई, ती आहे." आणि टेबलावर डोकं टेकून ते मोठ्यानं रडायला लागले.