नाकाच्या शेंड्याचं माप

आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकमताने ठरत नाही. टीव्ही भिंतीवर लावायचा की टेबलावर ठेवायचा, यावर आमची अडीच महिने चर्चा चालली आणि तोवर टीव्ही खोक्यातच होता. त्यामुळे माझ्या मोटरसायकलला विंडशील्ड, म्हणजे पुढून वारा अडवणारी काच, लावण्याबद्दल बायको आणि मुलगा अचानक गोडीगुलाबीने बोलायला लागले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी खूश झालो. पस्तीस वर्षं एमआयडीसीतल्या ड्रॉइंग ऑफिसात काढलेला माणूस मी. कागदावर अर्ध्या मिलिमीटरची चूक असली तर मला लांबून दिसते. घरातली दिसली नाही.

गाडी मी बावन्नाव्या वर्षी घेतली. गोल हेडलाइट, टाकीवर क्रोमची पट्टी, लांब सपाट सीट, आणि आतून सगळं आजचं. म्हातारपणाचं सोंग घेतलेली तरुण गाडी, आणि माझं नेमकं उलट. बायको तेव्हा एवढंच म्हणाली होती, "या वयात?" पुढची सहा वर्षं तिने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दर रविवारी पहाटे मी डोंबिवलीहून निघायचो, कल्याण ओलांडून आंबिवलीवरून टिटवाळ्याला, गणपतीला बाहेरूनच नमस्कार, एक चहा, आणि परत. कधी लहर आली तर उलट दिशेला शीळफाट्याकडे. आठवडाभर मी कोणाच्या तरी हाताखालचा, कोणाचा तरी नवरा, सोसायटीचा सेक्रेटरी. ते दोन तास मात्र मी कोणाचाच नसायचो.

मग गेल्या वर्षी एका रविवारी शीळफाट्याच्या थोडं अलीकडे रस्ता डावीकडे कलला. रस्ता कलत नसतो, एवढं मला कळत होतं. मी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि एका बंद टपरीच्या बाकड्यावर डोकं धरून बसलो. घरी सांगितलं, पंक्चर झालं. महिन्याभराने टिटवाळ्याच्या वाटेवर पुन्हा तेच झालं, आणि घरी पुन्हा पंक्चर. मी गुपचूप आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, कानाचं असेल, मानेचं असेल, बीपीचं असेल, तपासण्या करून घ्या आणि तोपर्यंत दुचाकी बंद. मी म्हटलं, डॉक्टर, घरी बोलू नका. ते हसून "बरं" म्हणाले. तीस वर्षांची ओळख. मी ते "बरं" शब्द दिल्यासारखं धरलं.

तपासण्या मी पुढच्या आठवड्यावर ढकलल्या, तो पुढचा आठवडा काही येईना. दरम्यान माझं निदान मी स्वतःच केलं होतं. सत्तरच्या वेगात वारा हेल्मेटवर आदळतो, डोकं हलतं, म्हणून चक्कर येते. वारा अडवला की चक्कर थांबली. विंडशील्ड लावली की मी आणखी दहा वर्षं गाडी चालवणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. बुडत्याला काडीचा आधार, मला चार मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या काचेचा. घरी अर्थात कारण वेगळं सांगितलं: छातीवर वारा बसतो, खोकला होतो, काच लागेपर्यंत गाडी काढत नाही.

"लावूया की," मुलगा म्हणाला. बायको म्हणाली, "चांगली मजबूत लावा." मी दोघांच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

मुलगा सव्वीसचा, नोकरी ठाण्याला, माझ्यापेक्षा तीनेक इंच उंच. तो मला दोन शनिवार ठाण्यातल्या दुकानांमधून हिंडवत होता. पहिल्या दुकानात हेडलाइटच्या डोक्यावर बसणारी वीतभर काळी काच दाखवली. दुकानदार म्हणाला, "काका, हीच घ्या. एकदम लूक येतो." मी म्हटलं, "लूक राहू द्या, वारा अडतो का ते सांगा." तो प्रामाणिक निघाला, नाही म्हणाला. दुसऱ्या दुकानात शर्यतीच्या गाडीसारखं अर्धं फेअरिंग होतं, हेडलाइट गिळून बसणारं प्लास्टिकचं कवच. माझ्या गाडीला ते म्हणजे धोतरावर टाय. राहिली ती उंच, पारदर्शक, पुढच्या चाकाच्या फोर्कला चार क्लॅम्पांनी धरलेली, लांबच्या प्रवासाची टूरिंगची काच, पण तयार मिळत होती ती कोणाच्याच मापाची नव्हती. मुलगा म्हणाला, "बाबा, बनवूनच घेऊ ना. तुम्ही ड्रॉइंग काढा." मला एवढं बरं वाटलं की त्या दिवशी परत येताना मी त्याला दोन प्लेट वडे खायला घातले.

या काचेचा नियम साधा आहे. तिची वरची कड, गाडीवर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या शेंड्याच्या रेषेत यावी. काचेवरून बघायचं, काचेतून नाही. कड खाली राहिली तर वारा थेट गळ्यावर येतो. वर गेली तर ती बरोबर डोळ्यांसमोर येते आणि रस्त्याचे दोन तुकडे दिसतात, जे सगळ्यात वाईट. म्हणून ही वस्तू चपलेसारखी ज्याची त्याची असते. बसून माप घ्यायला दुसरा माणूस लागतो, कारण आपण स्वतः वाकून टेप बघायला गेलो की नाक जागेवर राहत नाही.

वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा आम्ही पार्किंगमध्ये कापला. ब्राऊन टेपने तो हँडलवर चिकटवला. मी हेल्मेट घालून ताठ बसलो, मुलाने सीटपासून माप घेतलं. दोनदा घेतलं, आणि दुसऱ्यांदा घेताना पहिला आकडा न बघता, कारण हे मी त्याला तो सातवीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी शिकवलं होतं. "तेच आलं, बाबा." बायको चक्क तीन मजले उतरून खाली आली, दुखरा गुडघा घेऊन. पुठ्ठ्याभोवती फिरली आणि म्हणाली, "काळी काच नका हं घेऊ. रात्री येताना काय दिसणार?" मी रात्री गाडी चालवतच नाही. रात्री ठाण्याहून येतो तो मुलगा. पण मला त्या क्षणी फक्त एवढंच वाटलं की हिला माझी काळजी आहे, आणि मला भरून आलं. माझ्या मूर्खपणाची एवढी स्पष्ट नोंद दुसरी नसेल.

रात्री मी आलेखाच्या कागदावर समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रं काढली, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. आमच्या ऑफिसचा एक नियम मी घरातही चालवतो. आकडा बदलायचा असेल तर खोडून काळा करायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर नवा लिहायचा आणि शेजारी सही करायची. कोणी काय बदललं ते नंतर कोणालाही कळलं पाहिजे. बायको किराण्याच्या यादीत "तूरडाळ अर्धा किलो"वर रेघ मारून "एक किलो" लिहिते आणि मला चिडवायला शेजारी सही ठोकते. कागद मुलाने नेऊन दिला. आंबिवलीजवळ एक जण पूर्वी दुकानांच्या पाट्या करायचा, आता तो काच तापवून वाकवून देतो. मी स्वतः जाणार होतो, पण मुलगा म्हणाला, "तुम्ही कशाला धावपळ करता?" हेही मी प्रेमाच्या खात्यात टाकलं.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, काच आली. देखणी होती, हे कबूल करायला हवं. कडा घासून गुळगुळीत, वाक अगदी सारखा. मुलाने तासभर बसून क्लॅम्प आवळले. मी हेल्मेट घातलं, गाडीवर बसलो आणि समोर बघितलं, तर काचेची कड सोसायटीच्या गेटला बरोबर मधोमध कापत होती. मी ताठ बसलो, मग आणखी ताठ बसलो. कड डोळ्यांसमोरून हलेना.

मी तिथूनच त्या काचवाल्याला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. माप म्हणजे काय चेष्टा वाटते का, मी पस्तीस वर्षं हेच करतोय, वगैरे. मुलगा बाजूला पाना हातात घेऊन उभा होता आणि "बाबा, जाऊ द्या ना" म्हणत होता. काचवाला शांतपणे म्हणाला, "काका, कागद माझ्यासमोर आहे. लिहिलंय तेच कापलंय. फोटो पाठवतो."

फोटो आला. कागद माझाच, अक्षर माझंच. उंचीच्या आकड्यावर मात्र एक सरळ, बारीक रेघ होती. जुना आकडा वाचता येत होता. वर नवा आकडा, पंचावन्न मिलिमीटरने जास्त. शेजारी मुलाची सही.

मी गाडीवरून उतरलो आणि त्याला म्हटलं, "बस." तो बसला. "हेल्मेट घाल." त्याने घातलं. मी बाजूला वाकून बघितलं. कड त्याच्या नाकाच्या शेंड्याला होती, केसभरही इकडेतिकडे नाही.

"हे काय आहे?" मी विचारलं.

चुकून झालं, असं तो म्हणाला असता तर मी त्याही क्षणी विश्वास ठेवला असता. तेवढी तयारी होती माझी. तो म्हणाला, "माझं माप आहे, बाबा."

बायको तोपर्यंत खाली आली होती. "वर चला, इथे नको तमाशा," ती म्हणाली. मी म्हटलं, "इथेच बोला." मग ती बोलली. ती गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे गेली होती तेव्हा त्यांनी विचारलं, साहेबांनी गाडी बंद केली ना? म्हणजे त्यांचं "बरं" एवढंच टिकलं.

"कधीची गोष्ट ही? पुठ्ठा कापला त्याच्या आधीची?"

"आधीची."

म्हणजे ठाण्याचे दोन शनिवार, ते वडे, तो टेप, "तेच आलं, बाबा," सगळं झालं तेव्हा या दोघांना माहीत होतं. मी एकटाच गाडीवर ताठ बसून स्वतःच्या नाकाचं माप देत होतो. मुलगा म्हणाला, "टेस्ट होईपर्यंत मी चालवणार होतो, बाबा. मग पुढे बघू, असं ठरलेलं. तुम्हाला सांगणारच होतो आम्ही."

"तात्पुरतं होतं, तर काच कायमची तुझ्या मापाची का कापलीस? माझ्या मापाची कापली असतीस तर मला कळलंही नसतं."

"तुमच्या मापाची कापून मी चालवणार कशी? वारा थेट गळ्यावर आला असता."

हे वाक्य माझंच होतं. महिनाभर माझ्याशी खोटं बोलला, पण कागदावर खोटं माप लिहिणं त्याला जमलं नाही. ते मी त्याला शिकवलं नव्हतं. खोटं बोलायचं कोणाकडून शिकला, ते बायकोने लगेच सांगून टाकलं. "तुम्ही तरी काय सांगितलंत आम्हाला? पंक्चर. दोन वेळा पंक्चर. पंक्चर काढलेल्या माणसाचे हात इतके स्वच्छ असतात का? आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतंत तुम्ही? आकाशपाताळ एक केलं असतंत."

ती खरं बोलत होती. मी ऐकलं नसतं. मी डॉक्टरांना शिव्या घातल्या असत्या, भांडी आपटली असती, दोन दिवस जेवलो नसतो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आणखी चढला. पण मला आजही जे सलतं ते वेगळंच आहे. तिसऱ्या दिवशी मी निवळलो असतो. तिसऱ्या दिवशी मीच मुलाला हाक मारून खाली नेलं असतं, थंडीत गाडी सुरू व्हायला कशी कुरकुरते, खड्ड्यात मागचा ब्रेक कसा हलका दाबायचा, सगळं दाखवलं असतं आणि माझ्या हाताने त्याला गाडी दिली असती. असाच आहे मी. तीस वर्षं एका छताखाली राहून बायकोला हे माहीत नसेल, असं मी मानायला तयार नाही. त्यांनी गाडी घेतली याचं मला काही नाही. ती देण्याची संधी त्यांनी मला दिली नाही. महिनाभर मला प्रेम वाटावं असं वागून त्यांनी मला फसवलं, आणि त्या महिन्यात मी जितका सुखात होतो तितका कित्येक वर्षांत नव्हतो.

"काढतो मी ही," मुलगा पाना उचलत म्हणाला. "तुमच्या मापाची लावू." मी म्हटलं, "राहू दे." त्यानंतर आठवडाभर मी घरात गरजेपुरतं बोललो. तपासण्या केल्या. कानाचं निघालं. बरं होईल, पण दुचाकी पुन्हा नको, असं त्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि या वेळी बायको शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

रविवारी पहाटे मला नेहमीप्रमाणे जाग आली. मी पेपर घेऊन बसलो. मुलगा जॅकेट घालून दारापाशी आला. गाडीची चावी दाराजवळच्या खुंटीवर होती, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. तो ती न घेताच उभा राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"बाबा, चावी घेऊ?"

महिनाभरात मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आता कोणालाच नको होतं.

"घे ना," मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो. "माप तुझंच आहे."