आडनावाचा भाऊ

"आडनाव एक, म्हणजे चूल एक," असं म्हणून ते नव्या इमारतीच्या पाटीपुढे मान वर करून उभे राहत. पाटीवर खोलीमालकांची नावं असत. त्यांचं बोट एकेका नावावरून खाली सरके, शेवटच्या नावाशी थांबे आणि मग हात खिशात जाई. "नाही. चला," असं म्हणत. मी निमूटपणे चालू लागे.

ऐंशीच्या दशकात कुळगावात इमारती पावसाळ्यातल्या टाकळ्यासारख्या उगवत होत्या आणि या माणसाला एकही सोडायची नव्हती. एकदा वॉचमनने आम्हाला हटकलं. "किसको मंगता है?" हे म्हणाले, "मेरे भाई को." "नाम बोलो." "वो मालूम नहीं." वॉचमनने त्यांना सोडून माझ्याकडे पाहिलं. याला सांभाळून घरी न्या, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

ते माझे शेजारी आणि कारखान्यातले सोबतीही. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी हिशेबखात्यात होतो आणि ते माल पाठवायच्या खात्यात. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. ते लावणारी घरं इतकी थोडी आहेत की आडनाव सांगणं म्हणजे पत्ता सांगणं. आपल्याकडे माणूस भेटला की आधी आडनाव विचारतात आणि पाठोपाठ गाव. तुम्ही विचारता, मीही विचारतो, आणि का विचारतो ते आपल्या दोघांनाही ठाऊक असतं. यांचं आडनाव ऐकलं की विचारणारा अडकायचा. ना ते कुठल्या गावावरून आलेलं, ना धंद्यावरून. "हे आडनाव मी पहिल्यांदाच ऐकतोय," असं लोक म्हणत. हे म्हणत, "मीसुद्धा."

वडील गेले तेव्हा ते पाळण्यात होते. आईने धुणीभांडी करून वाढवलं. वडिलांकडच्या माणसांबद्दल विचारलं की ती माउली एवढंच म्हणे, "आपलं कुणी नाही. जेव." ती गेली आणि विचारायची जागाही गेली. वडिलांकडून मिळालेलं एकच होतं, ते आडनाव. ते घेऊन हा माणूस भावकी शोधायला निघाला होता.

कारखान्याच्या फाटकात लॉरी लागली की ड्रम मोजायच्या आधी ड्रायव्हरला प्रश्न, "तुमच्या बाजूला ह्या आडनावाचं कुणी?" अशा चौकशीतून त्यांच्या डोक्यात एक नकाशाच तयार झाला होता. नाशिकला एक घर होतं, पण त्या घराने ओळख दाखवली नाही. इंदूरला एक म्हातारे होते, ते यांना भेटायच्या आतच वारले. चामटोलीत एक घर असल्याचं कळलं म्हणून भर उन्हात सायकली मारत आम्ही दोघं गेलो, तर ते भलतंच आडनाव निघालं. त्या घरच्या म्हातारीने आम्हाला ताक दिलं आणि म्हणाली, "तुम्हाला भाऊ पायजे ना, मग ह्यो माझा ल्योक घेऊन जा. कामाचा नाय, पण हाय."

एवढ्या भांडवलावर त्यांनी मूळपुरुषाची गोष्टही रचली होती. घाटाखालच्या एका गावात तीन भाऊ होते, दुष्काळ पडला, एक उत्तरेला गेला, एक घाट चढून गेला, एक इथेच राहिला. मी म्हणायचो, "महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराण्यात तिघेच भाऊ कसे हो? चौथा कधीच का नसतो?" ते रागावत नसत. "तुम्हाला चार चुलते आहेत," म्हणत. "तुम्हाला सुचतात विनोद."

मग एका दिवाळीच्या आधी उल्हासनगरला कापड घ्यायला गेलो असताना ते घडलं. सिंधी शेठने गल्ल्यावरूनच आत हाक मारली, "अरे, वो नीला थान निकाल ना, जल्दी!" आणि हाकेच्या शेवटी आडनाव घेतलं. हेच आडनाव. माझ्या शेजारी उभा असलेला माणूस ताठ झाला. आतून निळं कापड खांद्यावर टाकून पन्नाशीचा एक काटकुळा माणूस आला. हे चपला न काढताच गादीवर चढले, शेठ "ए साईं, गादी! गादी!" ओरडत राहिला आणि यांनी त्या माणसाला कापडासकट मिठी मारली.

तो माणूस भांबावून म्हणाला, "आपण कोण?"

"तुझा भाऊ," हे म्हणाले आणि रडू लागले. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

हा काटकुळा माणूस म्हणजे दादा, जुन्नरकडचे. बायको मागेच वारलेली, एक मुलगा अनिल, शिलाई मशिनं दुरुस्त करणारा. घाट चढून गेलेल्या भावाचा वंश सापडला, असं यांनी आख्ख्या चाळीला पेढे वाटून सांगितलं. कुळदैवत कोणतं ते यांना ठाऊक नव्हतं, दादांचं तेच आपलं मानलं. देवकही तेच. दादांकडून दर रविवारी कुणीतरी जेवायला येई, कधी दादा, कधी अनिल, कधी दोघं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला हक्काने "अरे" म्हटलं नव्हतं, तो "अरे दादा, बस की" म्हणताना दोनदा म्हणायचा, एकदा गरजेपुरतं आणि एकदा हौसेचं.

त्यांना एकच मुलगी, संगीता. पाठचा भाऊ नाही. पुढल्या भाऊबीजेला यांनी अनिलला आग्रहाने बोलावलं. मलाही बोलावलं, कारण असा सोहळा बघायला कुणीतरी हवं होतं. पाट मांडला, रांगोळी काढली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सकाळपासून गप्प होत्या. बायकांना असल्या गोष्टी आधी कळतात. अनिल आला, पण पाटावर बसेना, उभाच राहिला. दादा म्हणाले, "आरं, बस ना लेका." तो बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

संगीता आतून तबक घेऊन आली. निरांजन लावलेलं होतं. पाटासमोर येऊन ती थांबली.

"ओवाळ की," हे हसत म्हणाले.

तिने तबक जमिनीवर ठेवलं. "बाबा, मी ह्याला ओवाळणार नाही."

"का गं?"

तिने अनिलकडे पाहिलं. अनिलनेही मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यातच सगळं होतं. यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. दादांनी ओळखलं. ते उठले, मुलाचा दंड धरला आणि त्याला घेऊन चालू पडले. फराळाची ताटं तशीच राहिली.

पुढचे महिने मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. चाळ म्हणजे चाळच. पेढे खाल्लेली तोंडंच आता म्हणू लागली, "चुलत बहीण-भाऊ ना ते? शिव शिव." संगीता दुसऱ्या स्थळाचं नाव काढू देईना. मग ती जेवेनाशी झाली, मग बोलेनाशी. चाळीच्या मागूनच रूळ जात. वहिनी तिला एकटीला पाण्याच्या नळावरसुद्धा सोडत नसत. तिने पळून जावं, अशी प्रार्थना मी मनातल्या मनात केली आहे. पळून गेलेली मुलगी जिवंत तरी असते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यापुढे येऊन बसले. डबा उघडला नाही.

"मी त्याला भाऊ म्हटलं नसतं तर?"

"तर ती दोघं भेटलीच नसती," मी म्हणालो.

"म्हणजे दोन्हीकडून मीच." मग डबा बाजूला सारून म्हणाले, "भाऊ ठेवला तर पोरगी जाते. पोरगी ठेवली तर भाऊ जातो. तुम्ही हिशेबातले. सांगा."

तो हिशेब माझ्या खात्यातला नव्हता.

शेवटी वहिनींचे भाऊ, संगीताचे मामा, मुरबाडहून आले. करारी माणूस, बोलणं कुऱ्हाडीसारखं. त्यांनी रविवारी बैठक बोलावली. दादांना निरोप गेला, चाळीतले चार वडीलधारे आले, मीही होतो. संगीता आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि वहिनींनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

मामांनी सरळ सुरुवात केली. "भाऊजी, आडनाव एक, कुळदैवत एक, देवक एक. हे मी नाही म्हणत, तुम्हीच गावभर सांगत सुटला होता. आता सोयरीक कशी व्हायची? पोरगी माझ्याकडे द्या, मुरबाडला नेतो. महिन्याभरात लग्न लावतो."

संगीता तिथूनच म्हणाली, "मामा, मला न्याल, पण नांदवाल कसं?"

तेवढ्यात दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "हे आडनाव आमचं न्हाईच. माझा आजा एका वाड्यावर गडी होता. बापाला साळंत घातलं तवा मास्तरनं इचारलं, आडनाव काय. आज्याला सांगता येईना. मालकाचं होतं तेच लावलं. कुळदैवत बी मालकाचंच. आमचं यांचं काय बी नातं न्हाई."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" मामा गरजले.

दादा यांच्याकडे न बघता म्हणाले, "कुणी मला आसं येऊन धरलं नव्हतं कधी. सांगितलं आसतं तर सोडलं आसतं."

मामा बधले नाहीत. "हा पोरासाठी रचून बोलतोय. भाऊजी, तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा. हा तुमचा भाऊ आहे की नाही?"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मी त्यांना पंधराएक वर्षं ओळखत होतो. बाहेर कुणीतरी नळावर हंडा ठेवला, तो भरून वाहू लागला तरी हे बोलेनात. संगीताने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, हा माणूस "भाऊ आहे" असं म्हणणार आणि आपण सगळे उद्या दुसऱ्याच कामासाठी जमणार.

"नाही," ते म्हणाले. "माझा ह्यांचा काही संबंध नाही. मी उगाच लोकांना भाऊ करत सुटलो होतो."

दादांनी टोपी घातली. ती सरळ बसायला वेळ लागला.

लग्न झालं. देवकाच्या वेळी यांना स्वतःचं असं काहीच सांगता येईना, तेव्हा गुरुजींनी पाच झाडांच्या डहाळ्यांवर, पंचपालवीवर, भागवलं. लग्न करून आडनाव न बदललेली आमच्या चाळीतली पहिली मुलगी म्हणजे संगीता. यावर मी एक विनोद केला. ते हसले, पण माझ्यासाठी.

त्यानंतर त्यांनी पाट्या वाचणं सोडलं. सोनिवलीच्या बाजूला तर वसाहतीच उभ्या राहत होत्या. मी मुद्दाम एखाद्या फाटकाशी रेंगाळलो तर ते पुढे निघून जात. दादा सणावाराला येत, पण आता "व्याहीबुवा, घ्या ना, संकोच करू नका," असं चालायचं. एकमेकांना अहो-जाहो करताना दोघंही चहाच्या कपात बघत. त्या पंधरा-वीस मिनिटांत मला तिथे बसवत नसे. जगात एका तरी माणसाला आपण "अरे" म्हणू शकतो हे ज्याला कळलं आहे, त्याने मुद्दाम "अहो" म्हणायचं, यापेक्षा मोठी शिक्षा मी तरी पाहिलेली नाही. आणि ती त्यांनी दर सणाला हसत भोगली, कारण समोर संगीता अंगाने भरलेली, तुकतुकीत, कडेवर पोर घेऊन उभी असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका सकाळी कामावर निघताना, चपलेत पाय घालता घालता ते गेले. अग्नी जावयाने दिला. दहाव्याला आम्ही उल्हास नदीवर जमलो. मामा होते, कारखान्यातले पाच-सहाजण होते. गुरुजींनी दर्भ मांडला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, "भावकीतलं कोण आलंय? मुंडण कोण करणार?"

कुणीच नव्हतं. अनिल पुढे झाला, तेवढ्यात मागून दादा आले. त्या दहा दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती, पायात चपला नव्हत्या. तोपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मामांनी त्यांचा हात धरला. हळूच, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "अहो, तुम्ही व्याही. तुम्हाला सुतक नसतं. नसतं ओढवून घेऊ नका. चार लोकांत पोरांचं लग्न परत तोंडी येईल."

दादांनी अनिलकडे पाहिलं. अनिल म्हणाला, "मामा, सोडा त्यांना."

गुरुजी गोंधळले होते. "आपण मयताचे कोण?"

"थोरला भाऊ," दादा म्हणाले.

मामांनी हात सोडला. दादा न्हाव्यापुढे जाऊन बसले, टोपी काढून अनिलकडे दिली आणि मान खाली घातली.